टँकरवरून पेटलेली सभा

टँकरच्या पाइपाला ओल्या रबराचा जो वास येतो, तो नाकात गेला की मला आमच्या नायगावच्या सोसायटीची ती सभा आठवते आणि डोकं पुन्हा तापतं. तेव्हा माझी कादंबरी अडली होती. भिंतीवर प्रसंगांची रंगीत कार्डं चिकटवली होती, पण कुठलंही कार्ड कुठेही लावलं तरी गोष्टीला काही फरक पडत नव्हता. त्यातच नळ कोरडे पडले आणि सभा बोलावली गेली. क्लबहाऊसमध्ये सगळे घामाघूम होऊन बसलेले असताना अध्यक्ष म्हणाले, "मॅडम घरीच रिकाम्या असतात, टँकर आला की त्या उभ्या राहतील पाइप धरून." मी घरी बसून लिहिते हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी विचारलं, "आम्हाला प्यायला पाणी नाही, मग काल तुमची गाडी कशाने धुतली?" त्यावर त्यांची बायको किंचाळली, "दिवसभर खिडकीत बसून हेच बघता का?" ते ऐकून, सभेत कधी तोंड न उघडणारा माझा नवरा उठला आणि त्याने अध्यक्षांच्या हातातला माइक हिसकावला. ह्या भांडणातलं एकही वाक्य मागेपुढे करता आलं नसतं, कारण प्रत्येक जण आधीच्या वाक्याने डिवचला गेला होता. घरी येऊन मी सगळी कार्डं फाडली आणि कोण कुणाला डिवचतो, एवढ्यावरच एकेक प्रकरण पुढे नेलं. कादंबरी पुरी झाली. आता दुसरी लिहिते आहे. ती अडली की मी सभेला जाते, पहिल्या रांगेत बसते आणि अध्यक्षांना गोड आवाजात विचारते, "काय, आज धुतली का गाडी?"