विषय : घरमालकांची घरगाडी व तिचे मागचे ब्रेक

प्रति, माझ्या घरमालकांचे चिरंजीव पुण्यात ज्या उंच इमारतीत राहतात, तेथील सोसायटीचे अध्यक्ष व समस्त रहिवासी. अर्जदार : मी, सोलापुरात कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा, सदर घरमालकांचा जुना भाडेकरू. ज्यांच्याविषयी अर्ज : माझे घरमालक, निवृत्त जॉबर, म्हणजे यंत्रमागांची दुरुस्ती करणारे, व त्यांच्या पत्नी, ज्यांना मी मालकीणबाई म्हणतो. साक्षीदार : एक, मी स्वतः, दोन, फाटकासमोरचे चहावाले इस्माईलभाई, तीन, माझ्या स्कूटरचे मागचे मडगार्ड, ज्यास बोलता येत नसले तरी जे पाहता येते. दिनांक : गाडी पुण्याकडे निघाली तोच.

अर्ज करण्यास कारण की, सबंध सोलापूर शहरात माझ्या घरमालकांइतका प्रवास केलेला दुसरा मनुष्य नाही, आणि हा सगळा प्रवास त्यांनी स्वतःच्या फाटकाच्या आत केलेला आहे. रोज संध्याकाळी ते अंगणात उभ्या असलेल्या गाडीत चालकाच्या जागी बसत, मागे मालकीणबाई गाडीतल्याच शेगडीवर चहा ठेवत, आणि मालक स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून गावे पुकारत. मी कचेरीतून दमून आलो की काच खाली होई. “वकीलसाहेब, वैराग आलंय. बसताय का? बार्शीत सोडतो की तुमाला!” मी वकील नाही हे त्यांना अनेकदा सांगून झाले आहे, परंतु त्यांचे कान कारखान्यातच राहिले असल्यामुळे ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, व पुढे मीही आग्रह धरला नाही.

सदर गाडीचे वर्णन देणे भाग आहे, कारण आपल्या सोसायटीने तिला न पाहताच भंगार म्हटलेले आहे. ती पावाच्या लादीसारखी गोल कोपऱ्यांची, जुनी, परदेशी, डावीकडे स्टिअरिंग असलेली घरगाडी आहे. आत झोपायला फळीचा पलंग, स्वयंपाकाला शेगडी, हात धुवायला छोटेसे बेसिन आणि खिडक्यांना पडदे आहेत; पडदे मूळचे नसून मालकीणबाईंनी जुन्या टॉवेलांचे शिवलेले आहेत. कोणी परदेशी जोडपे ती चालवत येथवर आले, येथे ती बंद पडली, आणि ते रेल्वेने पुढे गेले, असे सांगतात. मग ती मालक कामाला होते त्या टॉवेलच्या कारखान्यात कोपऱ्यात पडून होती. कारखाना बंद झाला तेव्हा शेठ भंगारवाल्याला बोलावणार होते. मालक म्हणाले, “मला द्या.” शेठ म्हणाले, “काय करणार तिचं?” मालक म्हणाले, “घर हाय ते. आमच्या मंडळीला त्यात निजवणार.” शेठ हसले आणि त्यांनी गाडी देऊन टाकली, ती गल्लीने ढकलत घरी आणली.

यातील मेख अशी की, मालकीणबाईंचा सारा संसार मागांना लागून झाला. त्यांच्या खोलीची मागची भिंत ती शेजारच्या कारखान्याची भिंत. तो कारखाना आजही चालतो. लग्न होऊन त्या या घरी आल्या त्या दिवसापासून भिंतीपलीकडचा खडखडाट थांबलेला नाही. हे घर हलवता येत नाही, परंतु गाडी हलवता येते, आणि मागांचा आवाज जेथे येत नाही अशा जागी नेऊन बायकोला एकदा पोटभर झोपवायचे, एवढ्यासाठी माझ्या घरमालकांनी ही गाडी घेतली. ही गोष्ट त्यांनी मला विश्वासाने, एकांतात सांगितली. परंतु ऐकू न येणारा मनुष्य एकांतातही ओरडूनच बोलतो; त्यामुळे ती गल्लीतल्या सर्वांस ठाऊक झाली आणि मालकीणबाई पुढे कित्येक दिवस पाणी भरायला तोंडावर पदर घेऊन जात होत्या.

इंजिन मालकांनी स्वतःच चालू केले. तरीही गाडी फाटकाबाहेर गेली नाही, याचे कारण तिचे मागचे ब्रेक. “थांबायचं कसं ते पक्कं झाल्याशिवाय मी गाडी रस्त्याला घालत न्हाय ओ,” असे मालक म्हणत आणि पुन्हा चाक उघडून बसत. प्रत्येक मागच्या चाकाच्या ड्रममध्ये, त्यास आतून दाबून चाक थांबवणारे, दोन अर्धगोल ब्रेकशू असतात व त्यांच्यामध्ये बोटभर लांबीचा एक स्क्रू असतो, ज्यावर दातेरी चक्री असते. त्यास अॅडजस्टर म्हणतात. गाडी मागे घेताना ब्रेक दाबला की चक्री आपोआप एक दात सरकते, स्क्रू लांबतो, शू ड्रमजवळ येतात, आणि ब्रेक घट्ट राहतो, अशी ती योजना आहे. आमच्या गाडीत मात्र उलट होई. मालक गाडी पुढे घेत, ती छान थांबे. मागे घेत, थांबे. असे दोन-चार वेळा झाले की पेडल तळाला जाई आणि गाडी फाटकाला भिडे. एकदा ती मागे गेली आणि फाटकाऐवजी माझ्या स्कूटरला भिडली. “धक्का लागला का?” मालकांनी विचारले. मी मडगार्ड उचलून दाखवले. “मग बरं झालं,” ते म्हणाले, “झाडाला लागली असती की!”

मग अॅडजस्टर पुन्हा बाहेर निघत. ते रॉकेलमध्ये भिजत, आणि ज्या डब्यात भिजत तो शेंगाचटणीचा जुना डबा असे. माझ्या पत्नीने एकदा फसून त्यात चमचा घातला होता, त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. आटे ब्रशने घासले जात, ग्रीस बोटाने भरले जाई. शू ड्रमला कितपत घासतो हे मेकॅनिक कानाने ओळखतात. मालक लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक ड्रमला टेकवत, त्याची मूठ दातांत धरत आणि चाक फिरवत. घासल्याची खरखर त्यांना दातांतून कळे. “कान गेले तर काय झालं? दात हायत की.” पुढे दाताच्या डॉक्टरांनी समोरचे दोन दात काढायला सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ब्रेकचं काम जमंल का ओ?” डॉक्टरांनी आहारात काय चालेल ते सांगितले. दुसऱ्या कोणत्याही गॅरेजवाल्याला मात्र त्यांनी चाकाजवळ बसू दिले नाही.

नवरा-बायकोचे बोलणे हा तर पाहण्यासारखा प्रकार होता. दोघेही तरुणपणी एकाच कारखान्यात, ते माग दुरुस्त करणारे आणि या कांड्या, म्हणजे सुताच्या रिळी, भरणाऱ्या. तेथे शब्द ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातांनी बोलत व ओठांवरून ओळखत. ती सवय राहिली. मूठ आवळली म्हणजे थांबव, पंजा उघडला म्हणजे सोड, दोन बोटे फिरवली म्हणजे सूत संपले. घरात तीच बोटे साखर संपल्यावर फिरत. किरकोळ भांडण ते आपल्या घरच्या तेलुगूत करत, आणि खरोखरचे भांडण हातांनी. हातांचे भांडण सुरू झाले की घर इतके शांत होई की माझी पत्नी मला दबक्या आवाजात म्हणे, “आज काहीतरी मोठं झालंय हं.”

अशात मालकीणबाईंचे गुडघे बसले. जिना चढवेना, पाणी भरवेना. चिरंजीवांनी फोन केला की दोघांनी आता पुण्यात यावे. मालक फोनमध्ये ओरडले, “गाडी येईल तर मी येईन!” त्यावर आपल्या सोसायटीचा निरोप आला तो असा : ओढून आणलेली भंगार गाडी आवारात घेणार नाही, स्वतः चालत आली आणि ब्रेक नीट असतील तर पाहू. नाही जमले तर येथेच भंगारात द्यावी, असे चिरंजीवांनी जोडले. चिरंजीव मनाने चांगले आहेत. परंतु त्या दिवशी मालक जेवले नाहीत.

दुसऱ्या सकाळी त्यांनी दोन्ही मागची चाके उघडली. स्टिअरिंग धरून पेडल दाबायला एक माणूस लागतो. एरवी मी किंवा रस्त्यावरचा जो सापडेल तो दाबत असे. त्या दिवशी माझा हात प्लास्टरमध्ये होता आणि इस्माईलभाईंनी समोरूनच हात जोडले. “मालक, मेरेकू माफ करो. मेरा ठेला इधरहिच है, फाटक के सामने.” शेवटी मालकीणबाईच पदर खोचून, दरवाजाला धरून, गुडघ्यांना बोल लावत चालकाच्या जागी चढून बसल्या. त्या जागी त्या प्रथमच बसत होत्या.

मालक गाडीच्या तोंडासमोर उभे राहिले. हातात रॉकेलने ओले दोन अॅडजस्टर. एकावर डाव्याची खूण, दुसऱ्यावर उजव्याची, कारण एकाचे आटे सुलटे आणि दुसऱ्याचे उलटे असतात. डाव्या खुणेचा त्यांनी डाव्या हातात उंच धरला आणि त्या हाताच्या बाजूने मागे निघाले. काचेतून मालकीणबाईंची मूठ आवळली गेली. थांबा.

“काय झालं?”

“तो डावा न्हाय.”

“डावाच हाय. हे बघ, खूण हाय.”

“खूण डावी हाय ओ. तुमी चाललाय उजवीकडं.”

“हा माझा डावा हात न्हाय का?”

“तुमचा आसंल. माझा डावा हिकडं हाय,” म्हणून त्यांनी दुसरा हात खिडकीतून बाहेर काढला.

हा घोटाळा आपणास समजावा म्हणून सांगतो. मागही डाव्या हाताचा आणि उजव्या हाताचा असा असतो, आणि तो डावा-उजवा मागासमोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या हातावरून ठरतो. माझे घरमालक जन्मभर मागासमोर उभे राहिले. ते गाडीसमोरही तसेच उभे राहत.

“डावा म्हंजे काम करणाराचा डावा,” मालक म्हणाले. “कारखान्यात विचार कुणालाबी.”

“मग काम कोन करतंय? ब्रेक तर मी दाबतीये की!”

 मालक हळूहळू गाडीला वळसा घालून मागे गेले, मालकीणबाईंच्या पाठीमागे, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनी डावा हात वर केला. हाताकडे पाहिले. चाकाकडे पाहिले. मग मला म्हणाले, “वकीलसाहेब, इतकी वर्सं मी तिच्या समोर उभा ऱ्हायलो. तिच्या बाजूला उभा ऱ्हायलोच न्हाय की ओ.”

अॅडजस्टर आपापल्या बाजूंना बसले; आजवर त्यांची अदलाबदल होत असल्यामुळे स्क्रू लांबण्याऐवजी आखडत होते. गल्लीतल्या पोरांनी ढकलली तशी गाडी पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि शेवटी फाटकापासून वीतभर अंतरावर जागच्या जागी उभी राहिली. इस्माईलभाईंच्या हातातला चहा सांडला. धडक बसली म्हणून नव्हे, बसली नाही म्हणून. “रुकी!” ते रस्त्यावर ओरडले. “चाची, रुकी!” मालकीणबाई स्टिअरिंगवर डोके टेकवून हसत होत्या की रडत होत्या, हे मला बाजूने दिसले नाही.

पुण्याआधी एक लांबची चाचणी हवी म्हणून आम्ही तिघे वैरागच्या रस्त्याला गेलो. सदर प्रवासात ब्रेक सर्व ठिकाणी लागले, याबद्दल मी लेखी देण्यास तयार आहे. गावाच्या अलीकडे ज्वारीच्या शेताकडेला चिंचेखाली गाडी लावली. भर दुपार. कसलाही आवाज नाही. मालकांनी पलंगावर सोलापुरी चादर अंथरली, मालकीणबाईंना आडवे केले, पडदे ओढले, आणि बाहेर पहाऱ्याला उभे राहिले. एक शेळ्या राखणारे आजोबा आले. “काय हाय ओ ह्यात?”

“आमची मंडळी झोपलीये!” मालक ओरडले.

“आन मंग तुमी कशापायी बोंबलताय?”

तेवढ्यात पडदा सरकला. “झोप न्हाय येत,” मालकीणबाई म्हणाल्या. मालकांना ओठ कळले नाहीत. त्यांनी हाताने विचारले. मालकीणबाईंनी कानाला हात लावून पंजा रिकामा दाखवला. काही ऐकूच येत नाही. मालक घाबरले, त्यांना वाटले हिचेही कान गेले. “तसं न्हाय ओ,” त्या मला म्हणाल्या, “सांगा त्यांना. लई शांत हाय हितं. छातीत कसंतरी होतंय. भिंतीपलीकडं कुणीच न्हाय असं वाटतंय.”

मी मालकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून ते सांगितले. ज्या शांततेसाठी ही गाडी घेतली, ज्यासाठी एवढे दिवस चाकाशी बसून काढले, ती त्या बाईला नको होती. मालकांचा चेहरा पाहवेना.  मग त्यांनी पाना काढला, मागच्या चाकाशी मांडी घातली, आणि चाकाच्या कडेवर पाना वाजवू लागले. खटक्‌-खटाक, खटक्‌-खटाक. चालत्या मागाचा ठेका. त्यांना स्वतःला तो ऐकू येत नव्हता. म्हणून दुसऱ्या हाताचा पंजा त्यांनी गाडीच्या पत्र्यावर टेकवून ठेवला होता आणि पत्र्याच्या थरथरीवरून ठेका सांभाळत होते. शेळ्या राखणारे आजोबा काठीवर हनुवटी ठेवून ऐकत उभे राहिले. पुष्कळ वेळाने मालकांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी पडद्याच्या फटीतून पाहिले आणि माझ्या बऱ्या हाताचा पंजा गालाखाली धरला. झोपल्या. त्यांनी मान हलवली, पण पाना थांबवला नाही.

गाडी आज सकाळी निघाली. निघताना मालकांनी मला खोलीच्या किल्ल्या दिल्या, भिंतीपलीकडचा कारखाना बंद पडू देऊ नका, असे जणू तो माझ्याच हाती असल्यासारखे सांगितले, आणि गल्लीच्या वळणावर ब्रेक दाबून दाखवला. माझी पत्नी आत जाऊन बसली ती अजून बाहेर आलेली नाही.

सबब विनंती अशी की, चिरंजीवांचे घर फार वरच्या मजल्यावर व फार शांत आहे, असे ते अभिमानाने सांगतात. तेथे मालकीणबाईंना झोप येणार नाही. दुपारी त्या लिफ्टने खाली उतरतील, गाडीत आडव्या होतील, आणि थोड्याच वेळात आपल्या आवारातून ठकठक ऐकू येऊ लागेल. आपल्यापैकी कोणीतरी त्रास होतो म्हणून तक्रार लिहायला बसेल. तक्रार कशी लिहावी हे मला ठाऊक आहे. आजवर कित्येक लोकांना मी ती लिहून दिली आहे. ही मात्र कोणी लिहू नये, आणि लिहिल्यास आपण दाखल करून घेऊ नये. पाना वाजवणाऱ्या गृहस्थांना वरून हाक मारू नये. त्यांना ऐकू येणार नाही. अगदीच सांगायचे झाल्यास त्यांच्या समोर न जाता बाजूला जाऊन उभे राहावे, आणि पडद्याआड कोण आहे ते पाहून मग ठरवावे.

गाडी मुक्कामी पोहोचली का, तिला जागा मिळाली का, आणि मालकीणबाईंना झोप लागते की नाही, एवढे कृपा करून उलट टपाली कळवावे. मी वाट पाहत आहे.