माझ्याच चोरीची फिर्याद

वराळ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी घरी जाहीर केलं की आता मी स्वतंत्र कलाकार आहे. घरच्यांनी त्याचा अर्थ बेकार असा घेतला, आणि ते फार चुकले नाहीत.

खरं तर कलाही माझी नव्हती, परंदवडीच्या मावशीची होती. भातलावणीला ती वाकून रोपं लावता लावता गाणी म्हणायची आणि मी बांधावर, बूट न मळवता, मोबाईल धरून उभा. चॅनेल मात्र माझ्या नावाचं. ते बरं चाललं. जाहिरातींवर लोणावळ्यातलं घर चालायला लागलं, आणि लगेच मला मोठ्या माणसांना लागते तशी काळजी लागली: ही गाणी कुणी चोरली तर?

तेवढ्यात एक कंपनी भेटली, अर्थात मोबाईलवरच. गाणी आमच्याकडे नोंदवा, चोर आम्ही पकडतो. अटी इतक्या लांब की सरकवून अंगठा दुखला. न वाचता सगळ्या मान्य केल्या.

कंपनीने शब्द पाळला. पंधरवड्यात पहिला चोर सापडला, तो मी. माझ्या चॅनेलवर कंपनीच्या मालकीची, म्हणजे मीच नोंदवलेली, गाणी आढळली होती. सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर चॅनेल बंद. मी व्हिडिओच्या प्लॅटफॉर्मला लिहिलं, तर तिथल्या यंत्राने फार नम्रपणे मालकाची परवानगी आणायला सांगितलं. मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे, गेलो तर तिथेही यंत्रच. ते म्हणालं, गाणी तुमचीच हे पटवायला गायिकेने त्यातलं एक गाणं जसंच्या तसं पुन्हा म्हणून दाखवावं.

लोकलने घोरावाडी स्टेशनला उतरून रिक्षाने मावशीचं घर गाठलं. ओसरीवर शेंगा फोडत तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्येच गानं कसं म्हनू? त्या दिशी शेतात ज्या बाया व्हत्या, त्यांची नावं घातलेली त्यात. हितं तर तू एकटाच हायेस."

मी म्हटलं, काहीही म्हण, आवाज तर तुझाच ना. माझं डोकं असं ऐनवेळी चालतं. मावशीने शेंगा बाजूला सारल्या आणि थेट कॅमेऱ्यात बघून सुरू केलं:

"भनीचा ल्योक माजा, लय शाना गं बाई,
सोताच्या घरामंदी, चोर झाला गं बाई."

शेजारणी हसायला जमल्या. मी तो व्हिडिओ पुरावा म्हणून अभिमानाने पाठवला. उत्तर आलं: गाणं मूळ गाण्याशी जुळत नाही, खुलासा फेटाळला. सातव्या दिवशी चॅनेल गेलं.

फोनवर मावशीला सांगितलं. तिने विचारलं, "आन् ह्ये नवं गानं कुनाचं?"

"अजून कुणाचंच नाही. नोंदवलेलं नाही."

"मंग नगं नोंदवू. लावनीला लागंल आमाला."

सोमवारी मी कारखान्यात पुन्हा अर्ज घेऊन गेलो. मधली दोन वर्षं काय करत होतात, असं साहेबांनी विचारलं. आजारी होतो म्हणालो. त्यांना ते लगेच पटलं.