पुलापलीकडचे पाहुणे

नदीच्या अलीकडच्या गावात त्याला सगळे बंबवाला म्हणत. अग्निशमन दलाची गाडी चालवण्यात त्याची उमर गेली होती. पुलापलीकडचं गाव दुसऱ्या देशात. तिथल्या बंबाचा ड्रायव्हर आणि तो एकमेकांना ‘पाहुणे’ म्हणत, कारण आग लागल्याशिवाय भेट व्हायची नाही. अलीकडे आग लागली की पलीकडची गाडी यायची, तिकडे लागली की हा जायचा. कागदोपत्री काही नव्हतं. एका फोनवर भागायचं.

मग दोन्ही सरकारांचं बिनसलं. पुलाच्या मधोमध लोखंडी अडथळे आले, सैनिक आले.

अशातच एका दुपारी लाकडाच्या वखारीला आग लागली. शेजारी प्रसूतिगृह. आणि ऐन वेळी ह्याच्या गाडीचा पंप बसला. त्याने पलीकडे फोन लावला.

‘‘पाहुणे, माझा पंप गेला. भिंतीपलीकडे बाळंतिणी आहेत.’’

‘‘निघालोच. गाडी सोडणार नाहीत, पण पाइप तर येईल?’’

पलीकडची गाडी अडथळ्यांपर्यंत आली. तिथून पाइपाला पाइप जोडत पाहुण्याने तो अडथळ्यांखालून सरकवला. सैनिक पाहत राहिले, कुणी अडवलं नाही. इकडच्या माणसांनी पाइप ओढत वखारीपर्यंत नेला. वखार गेली, बाळं-बाळंतिणी सुखरूप राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वार्ताहर आला. बंबवाल्याचा ऊर भरून आला होता. पाहुण्याचं नाव, फोनवरचं बोलणं, पाइप कसा सरकवला, सगळं त्याने भरभरून सांगितलं. बायको आतून म्हणाली, ‘‘अहो, जरा आवरतं घ्या.’’

‘‘चांगल्या माणसाचं नाव घ्यायला कसली चोरी?’’ तो म्हणाला.

बातमी फोटोसकट छापून आली. ती पलीकडेही वाचली गेली. परवानगीशिवाय सीमेवर गाडी नेली, परक्यांशी फोनवर संधान बांधलं, असा ठपका ठेवून पाहुण्याला कामावरून काढलं. त्याचा फोन कायमचा बंद झाला.

बऱ्याच वर्षांनी पायी जाणाऱ्यांसाठी पूल उघडला. बंबवाला विचारत विचारत त्याच्या घरी पोचला. पाहुणा एका गोदामावर राखण करून नुकताच परतला होता. डोकं पार पांढरं झालेलं. त्याने बसायला खुर्ची दिली, चहा केला.

‘‘मी तुझं कौतुकच केलं होतं रे,’’ बंबवाला कसाबसा म्हणाला.

‘‘ठाऊक आहे. बातमी वाचली मी.’’ पाहुण्याने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. ‘‘फोनवर केलं असतंस, तर मला पुरलं असतं.’’

त्यात राग नव्हता. राग असता तर बंबवाल्याला बरं वाटलं असतं. चहा संपल्यावरही त्याला उठवेना.

‘‘पूल ओलांडून आमच्याकडे ये कधीतरी,’’ शेवटी तो म्हणाला.

‘‘बघू,’’ पाहुणा म्हणाला आणि त्याला दारापर्यंत सोडायला आला. तो कधी आला नाही.