कोराडीपर्यंतची वाट

आमच्याकडे नवा तांदूळ आधी पूर्वजांना, मग आपल्याला. आम्ही गोंड. बाबा दरवर्षी पळसाच्या पानावर भात ठेवून गोंडीत पूर्वजांना हाक मारायचे, मगच आई ताटं वाढायची. यंदा गळ्याच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला आणि देवलापारकडच्या आमच्या गावाहून आत्यानं पाठवलेली तांदळाची चुंगडी कोराडीच्या वीजकेंद्राजवळच्या आमच्या क्वार्टरमध्ये बांधलेली तशीच राहिली. बाबांना नव्या भाताचा घास हवा होता. पण पूर्वजांच्या आधी? छे.

हाक मारायला उरलं कोण, तर मी. आणि मला गोंडी येत नाही. शाळेत पोरं हसतील म्हणून बाबांनीच ती घरात बोलू दिली नाही आणि आता सगळी भिस्त माझ्यावर! मला रागही आला आणि भीतीही वाटली. आत्यानं फोनवर ओळी म्हणून पाठवल्या. बसमध्ये, ऑफिसमध्ये, सीताबर्डीच्या बाजारात पळसाची पानं शोधताना मी त्या पुटपुटत होते. पानं काही मिळाली नाहीत, मिळाले ते चकचकीत कागदी द्रोण. शेवटी कॉलनीमागच्या पळसाची पानं तोडली आणि त्यांच्यावरची राख धुऊन काढली. एखादा शब्द चुकला, पूर्वज रुसले आणि बाबांना आणखी काही झालं तर? शिकलेली बाई मी, तरी ओळी पुन्हा पुन्हा घोकत राहिले.

रविवारी सकाळी भात शिजला. मी पानावर घास ठेवला, मोहाच्या दारूचे थेंब सोडले आणि हाक मारली. गावचं शिवार, नाला, देवाचं साजाचं झाड, सगळं त्या हाकेत आलं. कुठे अडखळले नाही. सुटले एकदाची, म्हणून वर पाहिलं, तर बाबा हातानं ‘नाही, नाही’ करत होते.

त्यांच्या ओठांकडे बघत आई म्हणाली, “अवं, तू त्याईले गावातच बोलावून राहिली. आपण तिथं आहो का आता? इथवरची वाट नाई सांगितली तं येतीन कसे?”

आत्याच्या ओळी गावातच संपत होत्या, कारण ती तिथंच राहते. बाबांच्या हाकेत पुढे मनसर, कामठी अशी नावं यायची. लहानपणी मला हसू यायचं, पूर्वजांना कशाला हवेत बसचे थांबे!

मग बाबा ओठ हलवत गेले, आई सांगत गेली, मी म्हणत गेले. जबलपूर रस्ता धरा. मनसर सोडा. कन्हानचा पूल ओलांडा. कामठीत उजवीकडे वळा. वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतील, त्यांच्याकडे या. गोंडीतले ‘नार’ आणि ‘रोन’, म्हणजे गाव आणि घर, एवढेच शब्द माझे. मधली सगळी वाट मराठीत.

तरी बाबांनी घास घेतला नाही. बोटानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा म्हटलं. परत तीच खूण.

“आता काय चुकलं?” मी चिडून विचारलं.

आईनं बराच वेळ त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, “चुकलं नाई वं. पाठ करून घे म्हणतात. पुढच्या साली त्याईच्यासंग मलेबी ह्याच वाटेनं यावं लागीन, म्हणतात.”

मी पहिल्यापासून सुरुवात केली. कामठीच्या वळणापर्यंत आले आणि आईनं सांगायच्या आधी मीच म्हटलं, उजवीकडे वळा.