आबांची मिशी आणि तो भिकार सिनेमा

आबा आज पहाटे गेले. सत्त्याण्णव वर्षांचे होते.

ज्या सिनेमात त्यांनी काम केलं, तो त्यांच्या कितीतरी आधी मेला. त्याच्यासाठी कोणी रडलं नाही. एकजण सोडून. ते पुढे सांगतो.

हे लिहायचं कारण म्हणजे आमचे व्हॉट्सअॅप ग्रुप. सकाळपासून फिरतंय : "जानेफळचे ज्येष्ठ सिनेकलावंत हरपले." खाली फुलं, दिवे, आणि कुठल्यातरी भलत्याच म्हाताऱ्याचा फोटो.

मित्रांनो, माझे वडील कलावंत नव्हते. ते गुलाम होते. आठातले सहावे.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर नांदत होतं, राजधानी नागपूर. मुंबईचा एक शेठ भव्य ऐतिहासिक चित्रपट काढायला आमच्या माळावर उतरला. विषय काय, तर एक प्राचीन राजा. न्याय विकतो, पदं विकतो, दिवसभर लोळतो.

एवढं दाखवायला इतका खर्च कशाला? कोणत्याही कचेरीत कॅमेरा ठेवला असता तरी भागलं असतं.

पण नाही. शेठला ग्रँड पाहिजे होतं. माळावर राजवाडा उभा राहिला. तट्ट्याचे खांब, त्यावर कणकेच्या खळीने चिकटवलेला कागद. पहिल्याच आठवड्यात गावच्या शेळ्यांनी दोन खांब खाल्ले.

संपूर्ण सिनेमाबद्दलचं सगळ्यात प्रामाणिक मत तेच.

राजाची पालखी उचलायला आठ तगडे गडी हवे होते. आबा विशीतले, नुकतीच मिशी भरलेली. गेले हौसेने. कंपनीचा माणूस म्हणाला, गुलामाला मिशी नसते. उतरवा.

कंपनीने गावातलाच न्हावी बसवला होता. वस्तरा हातात धरून तो थांबला.

"काऊन बे, बाप जिता हाये ना तुहा?"

"हाये ना."

"मंग?"

"सिनेमात कोणीतरी मेलंच असन. त्याच्या नावानं उतरव."

आमच्याकडे बाप गेल्यावर मिशी उतरते. त्याआधी नाही. हे शेळ्यांनाही माहीत होतं. शेठला नव्हतं.

आबा तशा तोंडाने घरी आले. आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि मान फिरवली. त्या क्षणापासून मुलाशी बोलणं बंद.

खरी मजा चौथ्या दिवशी. गावोगाव कापड विकणाऱ्या रहीमचाचांनी बाजारात आबांचं तोंड पाहिलं होतं. बिचाऱ्यांनी जड मनाने साखरखेर्ड्याला आबांच्या आत्याला निरोप दिला. आत्या बैलगाडी जुंपून निघाली. सोबत कडू घासाची भाकर-पिठलं, सुतकाच्या घरी नेतात तसं. वेशीपासूनच तिने सूर लावला.

"माहा दादा गेला व माय!"

दादा ओट्यावर तंबाखू मळत होते.

"कोण गेलं व?"

"तू!"

"मी कुठी गेलो? इथंच त हाओ."

मग त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं. "भाकर आणली हाये त वाढ. पोरानं मारलं, तू जेवू घाल."

आणि जिवंत माणसाने स्वतःचा कडू घास बसून खाल्ला. पिठलं दोनदा मागितलं. आबा दारामागे उभे. त्यांना कोणी 'जेव' म्हणालं नाही.

मिशी महिनाभरात आली. बापाचा शब्द वर्षभर आला नाही.

तोपर्यंत सिनेमाचा बोभाटा झाला होता. बुलढाण्याच्या कचेरीत बंदीचे अर्ज गेले. एका पुढाऱ्याचं म्हणणं, आपला राजा लाचखाऊ दाखवताच कसा? दुसऱ्याचं म्हणणं, दासींचे कपडे कमी आहेत. दोघांनीही सिनेमा पाहिला नव्हता. मग दोघांनीही पाहिला.

दुसऱ्याने तीनदा.

मेहकरला तंबूत सिनेमा लागला, तेव्हा आबा ओट्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाबा, एक डाव चाला. कायच्यासाठी उतरवली ते त पाहा."

आजोबा काही न बोलता गाडीत बसले.

तीन तास राजा ओरडला. राणी ओरडली. प्रधान अगदीच वेगळ्या कारणाने ओरडला. शेवटी एकदाची पालखी आली.

मागून.

आठ पाठी. सहाव्या पाठीवर बैलाच्या शिंगाचा वण. पालखी खांबाआड गेली. संपलं. तोंड एकाचंही नाही.

"तो मी!" आबा ओरडले.

आजोबांनी पडद्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. आणि वर्षभराने तोंड उघडलं :

"पाठीले मिशा रायतात का बे?"

आबा सांगायचे, "मी तंबूत ढसाढसा रडलो. लोकाईले वाटलं सिनेमा चांगला हाये."

तर हा तो एकजण.

कॉलेजात मला क्लीन शेव्हची फॅशन करायची होती. आबा म्हणाले, "मी गेल्यावर कर." पुढे मी नोकरीसाठी बाहेर पडलो. दर रविवारी फोन. तब्येत नाही, पगार नाही, पहिला प्रश्न एकच.

"मिशी हाये ना?"

"हाये आबा."

"मंग मी हाओ."

आज दुपारी घाटावर न्हावी हळूच म्हणाला, "भाऊ, मिशी ठेवू का? आजकाल बरेच जण ठेवतात. ऑफिस रायते."

म्हटलं, "उतरव."

वस्तरा फिरला. वरच्या ओठाला वारा लागला, एवढंच.

ग्रुपवाल्यांनो, तो फोटो बदला. आणि सिनेमाचं नाव विचारू नका. मला माहीत आहे, सांगणार नाही. त्याला तेवढीही श्रद्धांजली नको.

आबा, या खेपेला खरी उतरवली.

राम राम.