वाढवलेल्या सुना

आमच्या डायलिसिस केंद्रात सगळे त्यांना वहिनी म्हणतात. वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा वहिनीच म्हणतात. नक्की कोणाच्या वहिनी, हे सुरुवातीला कोणी विचारलं नाही आणि आता विचारायची सोय उरली नाही. कोणत्या पेशंटने कधी यायचं ते कळवायचं आणि त्याला आणायला गाडी पाठवायची, हे त्यांचं काम. पूर्वी त्या दिवसभर फोनला चिकटलेल्या असत. बोलून बोलून घसा बसायचा आणि घरी नवऱ्याशी खुणांनी बोलायच्या. नवरा म्हणे त्या काळात फार सुखी होता.

मग सॉफ्टवेअर आलं. माझा संगणकावर काडीचा विश्वास नाही. मी नर्स आहे, मला हाताला लागणारी शीर कळते. वहिनी मात्र हट्टाने शिकल्या. आदल्या संध्याकाळी पेशंटला आपोआप मेसेज जायला लागला, सकाळी कुणाला कुठून घ्यायचं ते ड्रायव्हरच्या फोनवर यायला लागलं, कोणी आलं नाही तर घरच्यांना कळायला लागलं. या आपोआप चालणाऱ्या कामांना सॉफ्टवेअरवाले वर्कफ्लो म्हणतात. वहिनी त्यांना सुना म्हणायच्या.

"घरची सून एकच, तीही माझं ऐकत नाही. इथल्या सांगितलं तेवढं करतात, आणि माहेरी जायचं नाव काढत नाहीत!"

घरच्या सुनेशी त्यांचं उत्तम जमतं. दोघी मिळून आपापल्या नवऱ्यांना नावं ठेवतात. पण विनोद हातचा कोण सोडतो?

शिंपीकाकांसाठी मात्र वेगळी सून होती. काका निवृत्त शिंपी, एकटा जीव, कानाने अधू. फोन उशाशी वाजला तरी पत्ता लागायचा नाही. अलीकडे ते भाचीकडे राहायला गेले. भाचीने नवा पत्ता आणि आपला नंबर दिला, तो वहिनींनी काकांच्या फाईलवर न चढवता थेट त्या सुनेच्या कानात सांगितला. फाईलचं नंतर बघू, म्हणाल्या. 'नंतर' म्हणजे काय, ते आपल्याला घरोघरी माहीत आहे.

एका रविवारी, केंद्र बंद असताना, सॉफ्टवेअरचं अपग्रेड झालं. सोमवारी सकाळी वहिनींनी संगणक लावला तर सगळं चकचकीत, नवंकोरं, आणि सुना गायब! तेवढ्यात ड्रायव्हर आत आला.

"वहिनी, आज सुट्टी आहे का? माझ्या फोनवर काहीच आलं नाही."

सोमवार म्हणजे आमचा नाजूक वार. मध्ये सुट्टी गेलेली असते, पेशंटच्या अंगात पाणी साठलेलं असतं, कोणाकोणाला जिना चढतानाच धाप लागते. त्यात हा घोळ. आम्ही फाईली काढल्या, मिळेल त्याने मिळेल त्याला फोन लावला. बरेच जण सवयीने आपले आपण आले, बाकीच्यांना ड्रायव्हर घेऊन आला. राहिले फक्त शिंपीकाका. ड्रायव्हर त्या दिवशी बदलीचा होता, त्याने काकांचं नवं घर पाहिलेलं नव्हतं, आणि रजेवर गेलेला नेहमीचा फोन उचलत नव्हता. जुन्या पत्त्यावर कोणी दुसरंच बिऱ्हाड होतं, त्यांना काकांचा ठावठिकाणा माहीत नव्हता. काकांचा फोन वाजत होता, वाजून वाजून थांबत होता. मशीन तयार होतं आणि खुर्ची रिकामी होती.

"भाचीचा नंबर आठवा ना जरा," मी म्हणाले.

"पूर्वी अख्ख्या केंद्राचे नंबर तोंडपाठ होते गं मला," वहिनी म्हणाल्या. "या सुना आल्या आणि माझी आठवणच माहेरी गेली." मागच्या महिन्यात काकांचं एक डायलिसिस हुकलं होतं, तेव्हा त्यांना ॲम्ब्युलन्समधून आणावं लागलं होतं. ते आम्हा दोघींनाही आठवत होतं.

अपग्रेड करणारा इंजिनियर आला तेव्हा मी त्याला कच्चा खायच्या तयारीत होते. तो अंगाने किरकोळ आणि आवाजाने त्याहून किरकोळ. भांडायला काही मजाच नाही.

"मी सगळं आणलंय हो मॅडम. होतं नव्हतं ते सगळं."

"मग माझ्या सुना कुठे गेल्या?" वहिनी कडाडल्या. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी वर्कफ्लो म्हणून सांगितलं.

"शनिवारी तुम्हीच म्हणालात, अपग्रेडच्या आधी सगळी कामं थांबवा, नाहीतर मेसेज दोनदा जातील," वहिनी म्हणाल्या. "म्हणून मी सगळ्या एका जागी नेल्या आणि व्यवस्थित वाढवून ठेवल्या."

"हो, दिसलं ना ते फोल्डर. 'वाढवलेली' असं नाव होतं." त्याचा चेहरा उजळला. "म्हणून तर घेतलं नाही. म्हटलं, वाढवलेली म्हणजे जास्तीची असतील."



आता यात चूक कोणाची म्हणायची? वहिनींच्या वडिलांचं दुकान होतं. 'दुकान बंद केलं' असं अभद्र बोलायचं नाही, 'वाढवलं' म्हणायचं, हे त्या घरात लहानपणापासून शिकलेल्या. त्यांच्या तोंडून 'बंद' हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. आणि या मुलाला वाढवायची म्हणजे दाढी नाहीतर वजन, एवढंच माहीत!

"अहो, वाढवलेली म्हणजे बंद केलेली!" मीच ओरडले. "पुसून नाही ना टाकली?"

"नाही, नाही. जुनं सगळं आज संध्याकाळी पुसणार होतो."

 वहिनींनी खुर्ची ओढून त्याला संगणकापुढे बसवलं. इंजिनियरने जुनी यंत्रणा उघडली. फोल्डर तिथेच होतं, आतल्या सुना जशाच्या तशा. नुसता पत्ता वाचून दाखवला असता तरी काम भागलं असतं, पण त्याने काकांची सूनच पहिली उचलली, नव्या घरात आणली आणि चालू केली. दारात उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या फोनवर टिंग वाजलं. त्याने पत्ता बघितला आणि तो पळतच जिना उतरला. लगेच भाचीचा फोन आला: मेसेज मिळाला, काका तयार आहेत.

"बंद," वहिनी मला म्हणाल्या, "असं लिहायला जीभ रेटली नाही गं." जीभ नव्हे, हात, असं मी सुधारणार होते. पण त्या हसायला लागल्या, मग मीही हसले, आणि तो इंजिनियर काय झालं ते न कळताच हसला.

शिंपीकाका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. पावलं सुजली होती, चपलेचे पट्टे रुतले होते, पण चालत आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं. वहिनी काउंटर सोडून आत आल्या.

"काका, फोन का नाही उचलला? जीव टांगणीला लावलात आमचा!"

"वाजला होता? मी खाली पायरीवर बसलो होतो सकाळपासून. भाची म्हणत होती, मेसेज नाही आला, रिक्षा करू या. मी म्हटलं, कशाला? गाडी येणार. त्या बाईची गाडी चुकत नाही."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मग खाली वाकून हळूच म्हणाल्या, "आज चुकली होती हो, काका."

"काय म्हणालात?" काकांनी कान पुढे केला.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी सुई हातात घेऊन थांबले होते.

"हात सैल सोडा म्हणते," वहिनी मोठ्याने म्हणाल्या, आणि काकांनी हात पुढे केला.