सांगता येत नाही

माझ्या ताईचे सासरे या जगात दोनच गोष्टी खऱ्या मानतात: स्वतःचे डोळे आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा. बाकी सगळा बनाव. लग्नात मी त्यांना नमस्कार केला, तेव्हासुद्धा त्यांनी आधी माझ्या ताईकडे बघून खातरजमा केली होती, की हा खरंच तुझा भाऊ का. तेव्हापासून मी त्यांना दादा म्हणतो आणि ते मला पाव्हणं.

दादांची उभी नोकरी तलावांवर पाण्याची पातळी वाचण्यात गेली, आधी बरीच वर्षं लासूर स्टेशनकडच्या एका तलावावर. भिंतीवर रंगवलेली पट्टी वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा. एका दुष्काळात पट्टीचा तळाचा आकडासुद्धा उघडा पडला. साहेब म्हणाले, थोडं तरी पाणी दाखवा. दादांनी दाखवलं नाही. त्यापायी त्यांची दूरवर बदली झाली, पण त्या वहीची गोष्ट ते अजून अभिमानाने सांगतात. आता शहराच्या कडेला, कालपर्यंत ज्वारी होती तिथल्या प्लॉटवर, त्यांचं घर आहे. समोर रोज एक नवी इमारत उठते, आणि नळाला आठ दिवसांनी पाणी येतं.

असा माणूस टीव्हीसमोर बसला की टीव्हीची काही खैर नसते. मालिकेतली सून रडत असते, ताई डोळे पुसत असते आणि दादांचं लक्ष मागच्या बेसिनवर. "नळ बंद कर गं बये! ह्यांच्या वॉर्डात रोज पाणी कसं येतं? ह्यांच्या दारात टँकर कामून दिसत नाय?" एकदा मालिकेतली नणंद दरीत पडून मेली. घरात सुतक असल्यासारखी शांतता. दादा शांतपणे म्हणाले, "दहावा दाखवला का? कावळा शिवला का? नाय ना? मग येती ती परत." पुढच्या महिन्यात ती खरंच परत आली, नवा चेहरा घेऊन. तेव्हापासून दादांच्या संशयाला घरात फार मान आहे.

पण त्यांचा खरा राग निवडणुकीच्या अंदाजांवर. सूटबूटवाला माणूस पडद्यावर रंगीत पट्ट्या नाचवू लागला, की दादा खुर्ची पुढे ओढायचे. "मला कुणी इचारलं? तुम्हाला इचारलं, पाव्हणं? मग इचारलं कुणाला?" हा प्रश्न त्यांनी न्हाव्याला, भाजीवालीला, बिडकीनच्या दुसऱ्या व्याह्यांना, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही घातला होता. विचारलेला माणूस एकही सापडला नाही. मी हसायचो. पण कधी कधी वाटायचं, या रागाच्या तळाशी दुसरंच काही आहे. दादांना कुणीतरी विचारायला हवं होतं.

आणि गेल्या निवडणुकीच्या उन्हाळ्यात विचारणारी आली. नेमकी पाण्याच्या दिवशी. आमच्याकडे सगळेच लावतात तशी दादांनीही पाणी ओढायला नळाला मोटार लावली होती, आणि मोटारी जप्त करायला महापालिकेची माणसं फिरतायत अशी गल्लीत आवई होती. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलगी फाटकात दिसताच दादांनी मोटार बंद केली, मोटारीवर सतरंजी टाकली आणि वर स्वतः बसले. हे सगळं ताईने स्वयंपाकघरातून पाहिलं.

"काका, पाण्याचा त्रास आहे का?"

"अजिबात नाय. लई पाणी."

"कामकाजावर समाधानी आहात?"

"लई समाधानी."

"बरं, तुमचं मत?"

"आमचं काय मत नाय बाई. आम्हाला काय सांगता येत नाय."

मुलीने हातातल्या मोबाइलवर टिचकी मारली आणि निघाली. तेवढ्यात मी फाटकाशी पोचलो. कसली चौकशी, म्हणून विचारलं, तर म्हणाली निवडणुकीचा सर्व्हे. स्कूटीवर बसून गेलीसुद्धा. मी आत येऊन हसत हसत सांगितलं. दादा सतरंजीवरून उठले आणि अनवाणीच तापल्या रस्त्यावर धावले, थेट हमरस्त्यापर्यंत. परत आले तेव्हा तळपाय लाल झाले होते. मी हसलो याची मला आजही लाज वाटते.

निकालाआधी टीव्हीवर पट्ट्या आल्या. सगळ्यात खाली एक राखाडी, बारीक पट्टी होती: 'सांगता येत नाही'. दादा उठले, चष्मा पुसला आणि त्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ह्यो मी."

मग बोट न काढताच म्हणाले, "तळ उघडा पडला तरी म्या खोटं लिव्हलं नाय, पाव्हणं. जन्मात एकदा कुणी इचारलं, अन् मीच खोटं पाणी दाखवलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटार काढून माळ्यावर टाकली. आता पाण्याच्या दिवशी ते फाटक उघडं ठेवून नळापाशी बसतात. करंगळीएवढी धार, बादली भरता भरत नाही. ताई कुरकुरते. गल्लीत ओळखपत्रवालं कुणी दिसलं, की दादा सावरून बसतात आणि चष्मा पुसतात. बहुतेक वेळा तो कुरिअरवाला निघतो. पण एकदा तरी कुणी यावं आणि विचारावं, असं मला आता फार वाटतं.